सात दिवसांचा कचरा

नागोरावांनी पत्र्याच्या पिंपाचं झाकण उचललं आणि आत डोकावून पाहिलं. आत काहीच नव्हतं. शेजारच्या सिमेंटच्या कुंडीतही काही नव्हतं. मुंबईहून पेंढ्यात गुंडाळून आलेला, पायाने झाकण उघडणारा निळा प्लास्टिकचा डबा तर नव्या नवरीसारखा कोरा होता.

दुपारचा एक वाजला होता. तीन वाजता मुख्य कचेरीतले मोठे साहेब येणार होते. बोईसरच्या या कापड कारखान्याच्या स्टोअरचा कारभार परभणीकडच्या नागोरावांकडे होता, आणि सहा महिन्यांपासून कचऱ्याचा डबा निवडण्याचं कामही. मुख्य कचेरीचा शेवटचा हुकूम आठ दिवसांपूर्वी आला. सात दिवसांचा कचरा साठवावा. तो तिन्ही डब्यांत भरून पाहावा आणि योग्य तो डबा ठरवावा. खाली बारीक टाइपात आणखी एक ओळ होती. कचरा नाममात्र आढळल्यास झाडूवाल्या बाईची जागा रद्द करावी.

ती बाई आवाराच्या टोकाला झाडत होती. कुंभवलीची कमळी. झाडताना ती गुणगुणायची, आणि फडा त्या तालावर चालायचा.

*दाणा पाखराला, कोंडा गं कोंबडीला,*
*उरला धागा बाई, एडवणच्या होडीला.*

"कमळाबाई," नागोरावांनी हाक मारली. "सात दिवस कचरा फेकू नका म्हणलं होतं मी."

"नाय फेकला."

"मग कुठंय?"

"पोचवला." कमळी सगळ्यांना 'तू' म्हणायची. मॅनेजरला, देवाला, कुत्र्याला. "तूच बोललास ना, फेकू नको. मी कवाच फेकत नाय."

नायलॉनच्या धाग्याची गुंतवळ गेटवर बोंबील विकणाऱ्या मैनाबाईकडे गेली होती. तिच्या घोवाला जाळं सांधायला. सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या कोनांत पाड्यातल्या लाडकीने दुधीच्या बिया लावल्या होत्या. खोक्यांच्या फळ्यांचं तिच्या शेजारच्या चिमीकडे खुराडं झालं होतं, चिंध्यांची गोधडी, प्लास्टिकच्या कागदाचं इरलं. चहाचा चोथा वॉचमनच्या मोगऱ्याला. तो मोगरा गेटवर असा फुलला होता, की ट्रकवालेसुद्धा हॉर्न हळू वाजवायचे.

नागोरावांनी कपाळ पुसलं. मग बारीक टाइपातली ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

कमळी फडा ठेवून कुंडीच्या काठावर बसली. दिवाळीनंतर तिच्या पाड्यातली माणसं घरांना कुलपं लावून वीटभट्ट्यांवर जायची. या झाडूमुळे तिच्या घराचं दार तेवढं उघडं राहायचं.

"मागून आणू?" ती म्हणाली.

"आणा. जेवढं मिळेल तेवढं."

कमळी धावत गेटवर गेली. मैनाबाईने माशांवरची माशी हाकलली, पण मान वर केली नाही. "दिलेलं परत मागते? जाळं पाण्यात हाय. समिंदराला विचार, देतो काय ते."

लाडकीच्या बियांना कोंब फुटले होते. चिमीने तर तिला दारातच अडवलं. "हळू बोल. कोंबडी अंड्यांवर बसली हाय. उठवू तुज्या साहेबासाठी?"

दोन वाजून गेल्यावर कमळी परतली. पाटीत एक फुटकी कपबशी होती आणि चमचमीत कागदांची एक चळत.

"हे काय?"

"तुजेच कागद. गेल्या सोमवारी तुज्या टेबलाखाली पडलेले. चिमीने चुलीत घातले, नुसता धूर. मैनाबाईने मासे बांधून पायले, तर मासा सटकतो. कोंबडी चोच लावत नाय. सगळ्यांनी परत केले."

नागोरावांनी कागद उलटले. तीन कंपन्यांच्या डब्यांची चित्रं. झाकणाचे फायदे. पायाने डबा कसा उघडावा, आकृती एक ते चार.

मग ती चळत हातात घेऊनच ते स्टोअरमध्ये गेले आणि त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. मुख्य कचेरीचा सहा महिन्यांचा पत्रव्यवहार तिथे लाल फितीत निजला होता. प्रत्येक पत्र तीन प्रतींत. स्मरणपत्रं. स्मरणपत्रांची स्मरणपत्रं. डब्यांचे तुलनात्मक तक्ते, सुधारित तक्ते, रद्द झालेले सुधारित तक्ते. त्यांनी फीत सोडली. फीत कमळीने हळूच कनवटीला लावली, दुधीचा वेल बांधायला.

निळा डबा पहिल्या दोन गठ्ठ्यांतच भरला. पाय काढला तरी त्याचं झाकण मिटेना. कुंडी शेवटच्या तक्त्यांना अपुरी पडली. पत्र्याच्या पिंपात मात्र सगळं अगदी मापात बसलं, वर फुटकी कपबशी ठेवून. नागोरावांनी वहीत लिहिलं : योग्य डबा, पत्र्याचे पिंप. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या पेनाला शाई कमी पडली नाही.

बरोबर तीनला मोठे साहेब आले. त्यांनी लांबूनच काठोकाठ भरलेलं पिंप पाहिलं आणि ते खूश झाले. "वा. म्हणजे बाईला भरपूर काम आहे." त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. बाईची जागा कायम. डबा मंजूर.

कमळीने पदराने तोंड पुसलं. नागोरावांनी सहीचा कागद खिशात घातला, वरून हात दाबून ठेवला.

जाता जाता साहेबांनी पिंपाकडे पुन्हा एकदा कौतुकाने पाहिलं. एवढ्या लांबून त्यांना आतल्या पत्रांवरची आपलीच सही काही ओळखू आली नाही.

"काय गं, एवढा कचरा कारखान्यातून निघतो?"

"नाय रे साहेब," कमळी म्हणाली. "तू धाडतोस तेवढाच."