उजव्या हाताची सही

"आवडत नसेल तर वाचू नका!" काल नॅटलीने ‘गवतीचहा’ला सुनावलं होतं. जुन्या मालिकेतल्या डावखुऱ्या डॉक्टरवर नॅटली ऑनलाइन नव्या गोष्टी रचायची आणि ‘गवतीचहा’ हे टोपणनाव घेतलेली वाचक प्रत्येक भागात चूक काढायची. कालपासून ती फिरकली नव्हती आणि तिच्याविना नॅटलीला चैन पडेना. सॉरी म्हणायला जीभ रेटेना, म्हणून आजच्या भागात डॉक्टरला मुद्दाम उजव्या हाताने सही करायला लावली. आता तरी ती भांडायला येईल! वर्सोव्याच्या घरात कोळंबी सोलता सोलता नॅटली करंगळीने सारखी कॉमेंट्स उघडत होती. "कडक!" "झकास!" बदाम बरसले, पण सहीबद्दल कुणी चकार शब्द काढेना. "एवढे लोक खूश आहेत, मग कसला घोर लागलाय गं?" भावाने विचारलं. "तुला नाही कळणार रे." तेवढ्यात गवतीचहा उगवली. नॅटलीने बरबटलेल्या हातांनी फोन उचलला. नावाखाली एकच शब्द होता. "झकास!"