समोरचा कोपरा

सर कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि नेमकी तेव्हाच ओळ विसरले.

मशिदीच्या कमानदार दालनात, थेट समोरच्या कोपऱ्यात, कलारसिक मंडळाचे सभासद अनवाणी उभे होते. सगळ्यांचे कान भिंतीला लागलेले. सरांनीच त्यांना तसं उभं केलं होतं. इथे नुसतं कुजबुजलं तरी आवाज कमानीवरून चढतो आणि समोरच्या कोपऱ्यात उतरतो, हे ते वर्षानुवर्षं वर्गात चित्रं दाखवून सांगत आले होते. स्वतः या दालनात ते आज पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. ही गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

आजचा दिवस साधा नव्हता. मंडळाची सहल ग्रीक देवळं बघायला जाणार होती. माहिती सांगायला बरोबर कुणाला न्यायचं, ते अध्यक्षबाई आज चहाच्या वेळी जाहीर करणार होत्या. सरांचा जन्म त्या देवळांचे फोटो दाखवण्यात गेला होता. एकदा तरी त्या खांबांवर हात ठेवावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पेन्शनीत बसत नव्हती.

म्हणून सकाळपासून ते साखरपेरणी करत होते. संग्रहालयात हात तुटलेल्या ग्रीक पुतळ्यापुढे बाई म्हणाल्या, "याला नवे हात बसवून घेता येणार नाहीत का?" सर म्हणाले, "वा! काय दृष्टी आहे!" शेजारच्या देवीच्या मूर्तीने हसून दात दाखवले असते तर बरं झालं असतं, असं दातांच्या डॉक्टरांना वाटलं. सरांनी त्यातही मर्म शोधून दिलं. ग्रीक कारागीर खांब मधे किंचित फुगीर ठेवायचे, म्हणजे बघणाऱ्याला ते सरळ दिसायचे, हे सांगताना मात्र ते खरोखर रंगून गेले. तेवढं एक ते मनापासून बोलले.

आता इथे पाठ केलेली कविता काही केल्या आठवेना. सरांनी उगाच ओठ हलवले, मान डोलावली. 'एक मिनिट हं' म्हणायला ते वळणार, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहाहा! शब्द न् शब्द!" बँकेतून निवृत्त झालेले साहेब ओरडले.

"अंगावर काटा आला, सर!" डॉक्टर म्हणाले. अध्यक्षबाईंनी तर डोळे मिटून घेतले होते.

सरांना हसू आवरेना. ते कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड पुन्हा कोपऱ्यात खुपसलं. दाराशी सगळ्यांच्या चपला राखत थांबलेली त्यांची बायको लगबगीने जवळ आली.

"काय म्हणालात हो?"

"काही नाही गं. ओळच आठवली नाही."

"अगंबाई! मग टाळ्या कशाबद्दल?"

"सगळी सोंगं आहेत, सोंगं! आवाजबिवाज काही जात नाही इथून. पुस्तकवाले लिहितात आणि मी सांगतो. आणि ती बाई! ग्रीक पुतळा काय नि कपड्याच्या दुकानातली बाहुली काय, तिला सगळं सारखंच. पण तू गप्प राहा. चहापर्यंत तिची वाहवा करायची. खांब एकदा बघून झाले, की मग ओळखही देणार नाही मी तिला."

बोलून सरांना फार बरं वाटलं. कित्येक दिवस साठलेलं एकदाचं बाहेर पडलं होतं.

मग दालन फारच शांत झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वळून पाहिलं. समोरच्या कोपऱ्यातून कुणीही हललं नव्हतं. साहेब स्वतःच्या पायांकडे बघत होते. डॉक्टर तोंड उघडं टाकून कमानीकडे बघत होते. अध्यक्षबाई पाठमोऱ्या होत्या, भिंतीला अगदी चिकटून.

आणि सरांच्या कानाशी, शेजारी उभं राहून बोलावं तसा, बाईंचा आवाज उतरला. त्यात राग नव्हता.

"मघाशी आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं, सर. चारचौघांत तुमची फजिती होऊ नये, म्हणून मीच सगळ्यांना खूण करून टाळ्या वाजवायला लावल्या."