नकाराची नऊ पानं

अनुपमाच्या आंतर्देशीय पत्राला महिनाभर उत्तर दिलेलं नाही, हे मार्तंडरावांना आठवलं. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी मुलुंडहून सहली नेत असे. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर दाखवायला तिला सरच हवे होते. पुस्तकांतच पाहिलेली शहरं आपण काय दाखवणार, म्हणून ते नकार लिहायला बसले. पण दुसऱ्या कोणाला नेलंस तर त्याने कुठे काय सांगावं, हे लिहिता लिहिता नऊ पानं झाली. ती त्यांनी बायकोला वाचून दाखवली. वाचता वाचता अकबराने वसवून सोडून दिलेल्या फत्तेपूर सिक्रीपाशी पोचले, तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. ती जागची हलली नाही. “एवढं शहर सोडून सगळे गेले कुठे?” “अगं, दूध…” “जाऊ द्या हो, आधी सांगा.” पस्तीस वर्षं इतिहास शिकवताना कोणी असं अडवून विचारलं नव्हतं. त्यांनी नकाराची ओळ खोडली, ‘दोघं येतो’ लिहिलं आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.