हातातला दगड

शेटलंडच्या बेटावरचा तो जुना बुरूज दुरुस्त करताना ऑस्लाचा नवरा मॅग्नी पडून गेला, तेव्हा हा दगड त्याच्या हातातच होता. वर्षभर ऑस्लाने तो उशाशी ठेवला. आज ती तो बसवायला आली होती.

"टाक की कुठंही, वहिनी! दगडच तो," नणंद बाबी जिन्याच्या दारात फतकल मारून म्हणाली.

"उचललेला दगड खाली ठेवायचा नाही. तुझ्याच भावाचा नेम."

दुहेरी भिंतींमधल्या पोकळीतल्या त्या जिन्याला, बाबी बसली होती तेवढं एकच दार. ऑस्लाने अंगणातून आतल्या भिंतीच्या भगदाडात दगड सरकवला. उलटा-सुलटा केला, तरी बसेना.

"नाही रे जमत मला," ती रडत म्हणाली.

भिंतीच्या आतून कुणीतरी तिची बोटं अलगद बाजूला सारली, आणि दगड फिरवून घट्ट बसवला.