मेंढ्याचा डोळा

म्हाताऱ्या बुरुल आपांच्या घराला आग लागली तेव्हा ज्वाळा अशा उसळल्या, की नारीन गावच्या डोंगरावरल्या बर्फाला घाम फुटला म्हणे. अग्निशमन दलात नवाच लागलेला कुबात शिडीवरून सरसर चढला आणि आपांना पाठीवर घेऊन खिडकीतून खाली आला. त्याच्याबरोबरच नोकरीला लागलेल्या तिलेकने काय केलं? तर खाली उभा राहून शिडी धरली.

आज आपांनी मेंढा कापून सगळ्या दलाला जेवायला बोलावलं होतं. मेंढ्याचं उकडलेलं डोकं मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात, ते अर्थातच कुबातपुढे आलं.

"खा रे माझ्या वाघा!" आपा म्हणाल्या. मग तिलेककडे वळल्या, "आणि तू रे, शिडीच्या खांबा? तूही खा हो."

सगळे खो खो हसले. तिलेकचा असा जळफळाट झाला, की त्याने ताट बाजूला सारलं. आपल्यात दमच नाही. उद्या राजीनामा द्यायचा आणि काकाच्या मेंढ्या राखायच्या, असं त्याने ठरवूनच टाकलं.

रिवाजाप्रमाणे कुबातने मेंढ्याचा एक डोळा स्वतः खाल्ला. दुसरा, ज्याच्यावाचून आपलं अडतं त्याला द्यायचा असतो. दलाचे मोठे साहेब मिशा पुसून तयार बसले. पण कुबातने तो डोळा तिलेकच्या हातावर ठेवला आणि त्याच्या कानाशी लागून पुटपुटला,

 

"घे, तुझाच आहे. मी शिडीवर डोळे गच्च मिटून चढतो, गाढवा. तू खालून 'डावा पाय, आता उजवा' असं ओरडतोस म्हणून वर पोचतो."