उसनी आई

स्वरूपने आल्या आल्या स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि उघडला. वरच्या पुडात खीर, खालच्यात वडे.

"मॅडम, गिरगावच्या धुरंधर काकांनी दिलंय. सही झाली त्यांची!"

परळच्या त्या बिल्डरच्या ऑफिसात टाळ्या पडल्या. चाळी पाडायला भाडेकरूंची संमती मिळवणारी ही सगळी पोरं. लोकांची मनं वळवता यावीत म्हणून त्यांना गोष्ट लिहायला आणि सांगायला शिकवायचं काम अनुजाकडे होतं. धुरंधर काका म्हणजे हटून बसलेला म्हातारा. आधी नोंदणी केलेला करार हातात द्या, मग सही, हे एकच पालुपद. त्यात वावगं काही नव्हतं.

"करार दिलात?" अनुजाने विचारलं.

"कुठला करार! तुमची गोष्ट दिली. ती जिन्यावाली. फक्त आई माझी केली." स्वरूप हसला. "तुम्हीच म्हणालात ना, आपल्याकडे नसेल तर उसनं घ्या, पण समोरच्याला खरं वाटलं पाहिजे."

पहिल्याच दिवशी, वर्गावर छाप पडावी म्हणून अनुजाने स्वतःच्या आईचं ते सांगितलं होतं: खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावरून खाली आणलेली आई, अरुंद जिना, दुसऱ्या मजल्यावर थांबलेला श्वास. वर्ग चिडीचूप झाला होता, आणि खोटं कशाला बोला, ते तिला आवडलं होतं.

"काका रडायलाच लागले. आईचं नाव विचारलं. ऐन वेळी काय सुचणार? तुमच्याच आईचं ठोकून दिलं, सुमती. काल सर्वपित्रीला मला जेवायला बोलावलं. बायकोच्या पानाशेजारी माझ्या आईचंही पान काढलं होतं त्यांनी. म्हणाले, तुला एकट्याला कुठे जमतंय, बाळा."

"काय सांगतोस! फुल सेंटी!" मागून कीर्ती म्हणाली. सगळे हसले.

अनुजाने आईचं पान कधीच काढलं नव्हतं. आपला विश्वास नाही, असं ती चारचौघांत सांगायची; खरं म्हणजे कंटाळा. लाजेने तिचे कान तापले. चांगलं खडसावावं असं मनात आलं, पण कोणत्या तोंडाने?

"निदान आता तरी करार द्या त्यांना," ती कशीबशी म्हणाली.

"आता कशाला, मॅडम?" स्वरूपने मनापासून विचारलं आणि एक वडा तिच्या हातावर ठेवला. "घ्या, पहिला मान तुमचा. आणि गंमत सांगू? गच्चीवर दोन्ही पानं ठेवली, तर काकूंच्या पानाकडे कावळा बघेना. आईच्या पानावर मात्र झडपच घातली. काकांनी डोळे पुसले. म्हणाले, 'किती वर्षांची उपाशी होती रे तुझी आई!'"