साडेसहा माणसे

शनिवारी सकाळी इल्मीने कॉफी गाळली, काळ्या पावावर लोणी लावले आणि ताटली वडिलांच्या संगणकाशेजारी ठेवली. वडील रेइयो आणि त्यांचे मित्र जो गेम खेळत, त्यात होडीत किती माणसे चढवायची हे ठरवणारी सरकती पट्टी तिनेच लिहून दिली होती.

"तुझ्या पट्टीनं काल साडेसहा माणसं पाठवली," रेइयो म्हणाले. "अर्धा कोण, आमच्यातला पेक्का? सौनात वाफ घेताना सगळे मला हसले."

चूक तिचीच होती. पडद्यावरचा आकडा तिने पूर्ण करून दाखवला होता, आत मात्र अपूर्णांकच राहिला होता. तिने आता आतली किंमतही पूर्णांकात बसवली. "ओढा आता."

"सात हवेत, तर नऊ देते. आता पाच! अगं, विद्यापीठात शिकवलं तरी काय तुला?"

इल्मीने वैतागून सगळा कोड पुन्हा वाचला. चूक कुठेच सापडेना. "बाबा, परत ओढा. मी बघते." या वेळी तिने पडद्याकडे नव्हे, माऊसकडे पाहिले. वडिलांचा हात थरथरत होता. ते मनगट दुसऱ्या हाताने टेबलावर दाबून धरू पाहत होते.

"पट्टीच हलते तुझी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"हो, बाबा."

तिने पट्टी काढली, तिच्या जागी अधिक-उण्याची दोन मोठी बटणे बसवली आणि सगळे मित्र वाचतात त्या सूचनेत लिहिले : "पट्टीत दोष होता. चूक माझी."